मारुती ८०० : स्थिर वेगातील आचके आणि पॉइंटची वायर

माझ्या १९८८च्या मारुती ८००चा हा त्रास गेल्या पावसाळ्यात सुरू झाला. साताऱ्यात पोवई नाका ते गोडोली फिरताना काहीच जाणवत नसे. मात्र शेंद्रे ओलांडून कराडच्या दिशेने महामार्गाला लागलो आणि पाय एका जागी ठेवून ६०-७०चा वेग धरला, की गाडी आचके देऊ लागे. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की आचके थांबत आणि आयडलिंगलाही इंजिन स्थिर असे. हे निरीक्षण मी पहिल्याच दिवशी वहीत लिहिले होते, पण त्याचा अर्थ लागायला दोन महिने गेले.

तोवर मी पेट्रोल आणि हवेचे मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरच्याच मागे होतो. मेन जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) हवेने साफ केला, आतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची पातळी तपासली, पेट्रोल फिल्टर बदलला, टाकीचे झाकण सैल करूनही गाडी चालवून पाहिली. एका गॅरेजमध्ये कार्ब्युरेटरच बदलण्याचा सल्ला मिळाला. खरे तर पेट्रोल कमी पडत असते, तर पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, त्रास वाढायला हवा होता. शिवाय आचके येत असताना मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारा चोक थोडा ओढून पाहिला, तरी काडीचाही फरक पडला नाही. मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) असते तर इंजिन लगेच सावरले असते.

मग लक्ष डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे प्लगना वेळेवर ठिणगी पोचवणाऱ्या भागाकडे वळवले. त्यातला पॉइंट हा ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच. हलक्या थ्रॉटलवर इंजिनचा व्हॅक्यूम (हवेची ओढ) वाढतो, नळीने जोडलेला डायफ्रॅम (लवचिक चकती) दांडी ओढतो आणि पॉइंटची प्लेट काही अंश फिरून स्पार्क लवकर पडतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की व्हॅक्यूम उरत नाही आणि प्लेट मूळ जागी येते. आयडलिंगला नळीचे छिद्र थ्रॉटलच्या पडद्याआड राहत असल्याने तेव्हाही प्लेट हलत नाही. गावात पाय सतत कमी-जास्त होत असल्याने एखादा आचका आला तरी कळत नाही. म्हणजे प्लेट फिरलेली असतानाच काहीतरी तुटत होते.

व्हॅक्यूमची नळी काढली, तिच्या तोंडात स्क्रू बसवला आणि नागठाण्यापर्यंत गेलो. गाडी थोडी जड वाटली, पण एकही आचका आला नाही. त्या दिवशी झालेला आनंद हा छंद असलेल्यांनाच कळेल.

घरी आल्यावर डायफ्रॅमच्या नळीतून तोंडाने हवा ओढली आणि टोक जिभेने बंद केले. ते जिभेला चिकटून राहिले, म्हणजे डायफ्रॅम शाबूत होता. मग डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून प्लेट बोटाने फिरवली आणि पॉइंटच्या वायरला मल्टिमीटर लावला. प्लेट अर्धी फिरली की आकडा नाहीसा होई. वायरचे आवरण बाहेरून धड होते, पण चिमटीत धरून वाकवले तेव्हा आतल्या तारा तुटल्याचे जाणवले; आवरण सोलल्यावर दोनच तारा शिल्लक दिसल्या.

त्या जागी बारीक तारांची, मऊ आवरणाची वायर घातली आणि लांबी थोडी सैल ठेवली. टोकाला कथिल लावले नाही, कारण तिथे वायर कडक होऊन पुन्हा त्याच जागी तुटते. पॉइंटची गॅप तपासून टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) लावले, नळी परत जोडली. रविवारी उंब्रजपर्यंत जाऊन आलो, ७०ला पाय स्थिर ठेवून; इंजिन एकसारखे चालले. प्लेट फिरताना अजून किंचित अडते, ती पुढच्या आठवड्यात उतरवून साफ करणार आहे.