एक कर आणि दोन विषय

इंग्लंडमध्ये सोळा ते अठरा वयाची मुले सिक्स्थ फॉर्ममध्ये बहुधा तीनच विषय घेऊन ए-लेव्हलची परीक्षा देतात, आणि माझ्या वर्गातील काही जण अर्थशास्त्र व बिझनेस हे दोन्ही शिकतात. आज दोन्ही तासांना मी एकच उदाहरण घेतले: एप्रिल 2018 पासून लागू झालेला शीतपेयांवरील साखर कर. 100 मिलिलिटरमागे 8 ग्रॅम किंवा अधिक साखर असल्यास लिटरला 24 पेन्स आणि 5 ते 8 ग्रॅम असल्यास 18 पेन्स, असे त्याचे सुरुवातीचे दर होते.

अर्थशास्त्राच्या तासाला पुरवठा वक्र, म्हणजे कोणत्या किमतीला किती माल विक्रीस येईल हे दाखवणारी रेषा, कराच्या वाढीव खर्चामुळे डावीकडे सरकवून, मागणीच्या लवचिकतेनुसार, म्हणजे किंमत बदलल्यावर मागणी किती बदलते त्यानुसार, कराचा भार ग्राहक आणि उत्पादक यांच्यात कसा वाटला जातो, हे फळ्यावर काढले. बिझनेसच्या तासाला मात्र अनेक कंपन्यांनी कर लागू होण्याआधीच साखर 5 ग्रॅमच्या खाली आणल्याचे सांगताच एका मुलीने विचारले, "मग सर, त्यांचा वक्र सरकलाच कुठे?" कर न भरताही पेयाची नवी पाककृती आणि चाचण्या यांचा खर्च येतोच, म्हणून वक्र सरकतो, हे उत्तर वर्गाने चर्चेतून स्वतः शोधले, याचा मला मनापासून आनंद झाला. महाराष्ट्रात बारावी वाणिज्यला मी व्याख्या चोख पाठ केल्या होत्या व त्या आजही उपयोगी पडतात. परंतु आकृतीलाच प्रश्न विचारण्याची ही सवय मुलांना त्या वयातच लागायला हवी, असे मला ठामपणे वाटते. पुढच्या तासाला मुले घरातील बाटल्यांवरील साखरेचे आकडे टिपून आणणार आहेत.