बाबांच्या नावातला ‘श’ आणि आमची सक्सेशन डीड : माझा अनुभव

बाबा जाऊन दोन वर्षं झाली आणि आत्ता गेल्या महिन्यात आमचं सक्सेशन डीडचं, म्हणजे वारस कोण हे ठरवणाऱ्या दस्ताचं, काम संपलं. त्यातले तब्बल सात महिने फक्त एका अक्षरापायी गेले, ते अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलेय. कुणाच्या घरी आईवडील हयात असतील तर कृपया वाचा, कारण माणूस असताना जे काम सहज होतं तेच तो गेल्यावर किती अवघड होऊन बसतं ते मी बघितलंय.

आम्ही गोव्यातले, डिचोलीकडचे. घर, घरामागची थोडी बागायत, वर डोंगरावर काजू, बँकेत थोडे पैसे, एवढीच इस्टेट. आम्ही तिघं, मी मोठी, भाऊ मस्कतला, धाकटी बहीण फोंड्याला दिलेली. भांडण नाही, तंटा नाही. त्यामुळे कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीचा दावा, घालायची वेळ आली नाही, स्पेशल नोटरीकडे म्हणजे सब रजिस्ट्रारकडे सक्सेशन डीड करायची, की वारस ठरले, पुढे मामलेदाराकडे म्युटेशन म्हणजे जमिनीच्या कागदावर वारसांची नावं चढवणं, असं वकिलांनी सांगितलं. बाबांचा मृत्यूचा दाखला, आईबाबांच्या लग्नाची नोंद, आम्हा तिघांचे जन्मदाखले, आमच्या लग्नांचे दाखले, आणि कुटुंबाला ओळखणारे पण वारस नसलेले तिघे जण जबानी द्यायला. हे सगळं पंधरा दिवसांत गोळा झालं. मला वाटलं चतुर्थीच्या आत काम होणार.

ऑफिस कुठलं ते लिहीत नाही. काउंटरवरच्या माणसानं कागद उलटेपालटे केले, मृत्यूचा दाखला आणि लग्नाची नोंद शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाला, “बाय, हो मनीस तोच म्हूण कोण सांगता?”

बाबांचा जन्म १९४८चा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला. तेव्हाच्या रजिस्टरात नावं पोर्तुगीज वळणानं लिहायचे, ‘श’साठी एक्स, आडनावाच्या शेवटच्या ‘क’साठी क्यू यू ई. १९७४ला लग्न झालं तेव्हा कारकुनानं जन्माच्या नोंदीवरून नाव जसंच्या तसं उतरवलं. पुढे रेशन कार्ड, पॅन, आधार सगळीकडे इंग्रजी वळणाचं एस एच आणि साधा के आला आणि मृत्यूचा दाखला आधारवरून बनला. म्हणजे लग्न झालं एक्सवाल्या माणसाचं, वारला एसवाला. आणि माझ्या जन्मदाखल्यावर तिसरंच, श आधारसारखा आणि आडनाव पोर्तुगीज!

आई तिथेच बाकावर बसली होती, एकाहत्तर वर्षांची. तिला कुणीतरी विचारतंय की ज्याच्याशी लग्न लागलं तोच वारला कशावरून. ती काही बोलली नाही, नुसती पदराशी चाळा करत राहिली. मला तो क्षण आठवला की अजून राग येतो.

वकिलांनी अॅफिडेव्हिट करून दिलं, ही सगळी नावं एकाच माणसाची आहेत म्हणून. ते घेऊन गेलो तर म्हणाले हे चालणार नाही, मूळ नोंद दुरुस्त करून आणा. नोंद दुरुस्त करायला गेलो तर तिथले म्हणाले नोंदीत चूकच नाही, त्या काळी असंच लिहायचे, आम्ही काय दुरुस्त करणार. बरोबरच होतं त्यांचं. मग परत पहिल्या ऑफिसात, तिथले म्हणाले मग नाव बदलाचं करा. १९९०चा गोव्याचा नाव बदलाचा कायदा आहे, सिव्हिल रजिस्ट्रारकडे अर्ज करायचा, जाहिरात द्यायची, हरकतीची मुदत संपली की नाव बदललं, सोपं आहे. पण तो अर्ज ज्याचं नाव त्यानंच करायचा असतो! गेलेल्या माणसानं कसा करायचा? हे मी त्यांना तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा पुढच्या सोमवारी या एवढंच उत्तर मिळालं. साहेब ट्रेनिंगला, साहेब इलेक्शन ड्युटीवर, सर्व्हर डाऊन. दर खेपेला मी शाळेतून हाफ डे टाकायचे. असे सात महिने.

सुटलं कसं ते सांगते, हे लक्षात ठेवा. लग्नाचा साधा दाखला बाजूला ठेवून नोंदीची पूर्ण नक्कल काढायची, अख्ख्या मजकुराची. तिच्यात नवऱ्याच्या आईवडिलांची नावं, गाव, वय, सगळं असतं. त्याला बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडला, वडिलांचं आणि गावाचं नाव जुळलं. गावातल्या दोन वयस्कर माणसांची अॅफिडेव्हिटं जोडली. आणि नवीन आलेल्या अधिकारी बाईंनी दहा मिनिटांत सांगितलं की डीडमध्येच तिन्ही नावं ‘उर्फ’, ‘उर्फ’ करून घाला, गोव्यात निम्म्या डीड अशाच असतात. मी तिथेच रडले. आनंद होताच, पण जास्त करून हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं याचं रडू आलं.

एक राहिलंच, आईचीही नावं दोन होती. आमच्याकडे लग्नात मुलीचं पाळण्यातलं नाव बदलतात ना. तिचा जन्मदाखला एका नावाचा, बाकी सगळं दुसऱ्या. पण ती हयात, म्हणून तिनं स्वतः नाव बदलाचा अर्ज केला, त्याच कायद्याखाली, आणि ते काम कुठेही न अडकता झालं. फरक एवढाच की सही करायला ती होती. म्हणून सांगते, आईवडिलांचे सगळे कागद एका दिवशी टेबलावर मांडा, नावं अक्षर न् अक्षर ताडून बघा, आणि जुळत नसतील तर ती असतानाच जुळवून घ्या.

डीडनंतर गॅझेटात नोटीस येते, सिरीज तीनमध्ये, ती कॉपी जपून ठेवा, बँकेत मागितली. म्युटेशन व्यवस्थित झालं. भावाचं आणि वहिनीचं मुखत्यारपत्र मस्कतच्या दूतावासातून करून घेतलं, ते भारतात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत इथे स्टॅम्प करून घ्यावं लागतं, आम्ही अगदी शेवटच्या आठवड्यात धावलो. वहिनीचं का, तर आपल्याकडे गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात, त्यामुळे प्रत्येक वारसाच्या जोडीदाराचीही सही लागते. माझ्या नवऱ्याची पण लागली. बाहेरच्या लोकांना हे खरं वाटत नाही. आणि तो करार लग्नाआधीच करायचा असतो, नंतर नाही, हे माझ्या भाचीला मी आत्ताच सांगून ठेवलंय, तिचं लग्न ठरतंय.

याच नियमानं घराचा अर्धा हिस्सा आईचा आधीपासूनच होता, वारसा लागला तो फक्त बाबांच्या अर्ध्याचा, आम्हा तिघांत सारखा. मुलगी म्हणून कमी नाही. बाहेर देशभर सगळ्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत बरोबरीचा हक्क २००५ला मिळाला, आपल्याकडे पोर्तुगीज कायद्यापासून होता, याचा मला अभिमान आहे. एका काकांनी मला “तू सही करून मोकळी हो” म्हटलं, तेव्हा भावानंच फोनवरून त्यांना गप्प केलं.

बँकेत नॉमिनी भाऊ होता, तर काही जणांना वाटलं पैसे त्याचेच. नॉमिनी फक्त घेणारा, मालकी वारसांची. शेअर्सबाबतही सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलंय.

मूल नसलेल्या जोडप्यांनी तर विल करावंच. आपल्याकडे वारसांच्या क्रमात जोडीदार आईवडील आणि भावाबहिणींच्या मागे येतो, त्याचा स्वतःचा अर्धा हिस्सा सुटतो पण बाकीचा अर्धा दुसरीकडे जाऊ शकतो. माझ्या मैत्रिणीला हे कळल्यावर ती दोघं लगेच वकिलाकडे गेली. मुलं असतील तर विलनं आपल्या हिश्श्याचा अर्धाच भाग मर्जीनं देता येतो, उरलेला अर्धा मुलांचाच. आईला काजूची जमीन धाकटीच्या नावे करायची आहे, ती याच अर्ध्यात बसते का ते वकिलांनी हिशेब करून दाखवलं, बसते. मंगळवारी तिला घेऊन नोटरीकडे जातेय. नाव बदलाचं सर्टिफिकेट आणि तिच्या लग्नाच्या नोंदीची पूर्ण नक्कल मी आत्ताच पिशवीत घालून ठेवलीय.