चोवीस ग्रॅम

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी माड साफ करून घ्यावेत म्हणून कुडाळजवळच्या आमच्या घरी पाडेली आला होता. विहिरीकडच्या माडावरून त्याने उतरवलेल्या सुक्या झावळ्यांच्या ढिगात दुपारी उशिरा आम्हाला काथ्या, कापूस आणि कुठल्याशा जुन्या साडीचे धागे यांचे एक घरटे सापडले. त्यात तीन पिल्ले होती आणि त्यांतली दोन आधीच गेलेली होती. तिसऱ्याच्या अंगावर तांबड्या मुंग्या चढल्या होत्या, डोळे मिटलेले होते आणि बोटाएवढ्या त्या शरीरावर तीन फिकट पट्टे नुकते कुठे उमटू लागले होते. आमच्याकडे खारीला चानी म्हणतात. आदल्या दिवशी दुपारी एक मोठी चानी मांजराने धरून नेल्याचे आईने पाहिले होते, त्यामुळे पिल्लांची आई कोण असावी याचा अंदाज करायला फारसे डोके लागले नाही. तरीही पिल्लू खोक्यात घालून माडाच्या बुंध्याशी दोन तास ठेवले, कारण जिवंत असलेली आई पडलेले पिल्लू तोंडात धरून परत नेते आणि माणसाचा वास लागला म्हणून ती त्याला टाकते हा समज खरा नाही. अंधार पडेपर्यंत कोणी आले नाही. जाताना पाडेली एवढेच म्हणाला, "ह्यां काय जगाचां नाय."

मुंग्या काढायला जुना मऊ दातब्रश उपयोगी पडला. कानामागे आणि शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे चिकटलेले दिसले. ती माश्यांची अंडी होती आणि ती राहिली असती तर दुसऱ्या दिवशी त्यांतून अळ्या निघाल्या असत्या, म्हणून चिमट्याने एकेक काढण्यात अर्धा तास गेला. इथपर्यंत मी बरोबर वागले. त्यानंतर जे केले ते मात्र आजही आठवले की अपराधी वाटते. पिल्लू कळवळून तोंड उघडत होते, म्हणजे त्याला भूक लागली असणार असे मी धरून चालले आणि घरचे गाईचे दूध कोमट करून, औषधाच्या ड्रॉपरने, तान्ह्या बाळासारखे उताणे धरून त्याला पाजले. दोन थेंबांनंतर त्याच्या नाकपुडीतून दुधाचा बारीक बुडबुडा आला. मी तो पुसला आणि आणखी पाजले.

सकाळी त्याच्याखालचे फडके पिवळ्या पाण्याने भिजलेले होते आणि श्वासाबरोबर घड्याळाच्या टिकटिकीसारखा अगदी बारीक आवाज येत होता. कानाजवळ धरल्याशिवाय तो ऐकू येत नसे. आमच्याकडचे पशुवैद्य मुख्यतः गाई-म्हशी आणि बकऱ्यांवर उपचार करणारे. एवढ्या लहान जिवाला औषध देण्याची आपली ही दुसरीच वेळ आहे हे त्यांनी आधीच सांगून टाकले, आणि का कोण जाणे, त्या कबुलीमुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यांनी पिल्लाच्या खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडली. ती लगेच खाली बसली नाही, तंबूसारखी उभीच राहिली. अंगातले पाणी आटले होते. दूध श्वासनलिकेत गेल्यामुळे न्युमोनियाची सुरुवात झाली होती, आणि गाईच्या दुधातली साखर न पचल्यामुळे जुलाब लागले होते. खारीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने गाईच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक असतात. गाईचे दूध तिच्या पिल्लाला पोषणाला अपुरे आणि पचायला जड, असा दुहेरी तोटा आहे.

पण डॉक्टरांनी सर्वांत आधी विचारले ते दुधाबद्दल नव्हते. त्यांनी पिल्लू माझ्या हातातून आपल्या तळहातावर घेतले आणि म्हणाले, "हे गार आहे, तुम्हाला कळले नाही का?" मेच्या त्या उकाड्यात, अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना, हातातली वस्तू गार आहे हे मला खरोखरच जाणवले नव्हते. उघडे, केस नसलेले पिल्लू स्वतःची ऊब स्वतः धरून ठेवू शकत नाही, ती त्याला आई आणि भावंडे देतात. शरीर गार असताना पोट काम करत नाही, त्यामुळे अशा वेळी पाजलेले उत्तम दूधही आत जाऊन नुसते पडून राहते आणि नासते. म्हणून आधी ऊब, मग पाणी आणि सर्वांत शेवटी अन्न, हा क्रम त्यांनी कागदावर लिहून दिला. तो कागद आमच्या फ्रिजवर अजून आहे.

घरी येताना सोनाराकडे काम करणाऱ्या मैत्रिणीकडून छोटा डिजिटल काटा मागून आणला. पिल्लू चोवीस ग्रॅम भरले. शेकायच्या रबरी पिशवीत गरम पाणी भरून, तिला टॉवेलचे दोन वेढे देऊन, ती खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवायची, म्हणजे फार गरम झाले तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येते. अंग कोमट लागू लागल्यावर ओआरएस, तेही एका लिटरच्या पाकिटाचे पूर्ण एक लिटर पाण्यात केलेले, कारण पाकीट अर्धे टाकून अंदाजाने पाणी घालण्याची आपल्याकडची सवय इथे घातक ठरते. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर डॉक्टरांनी कणकवलीहून मागवून दिली आणि ती ओआरएसमध्ये चौथा हिस्सा, मग निम्मी, असे करत तीन दिवसांत पूर्ण दुधावर यायचे ठरले. एका वेळी वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे 1.2 मिलिलिटर, दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. खारीचा वाटा नेमका केवढा असतो हे मला सुई काढलेल्या इन्सुलिनच्या सिरिंजवर कळले.

पाजण्याची रीत तर मला पूर्ण नव्याने शिकावी लागली. पिल्लाला पालथे, छाती फडक्यावर टेकवून, डोके किंचित उचलून धरायचे, सिरिंजचे टोक ओठाच्या कडेला लावायचे आणि दट्ट्या आपण दाबायचा नाही, त्याने चोखले तेवढाच पुढे सरकू द्यायचा. एक मिलिलिटर पाजायला सुरुवातीला वीस मिनिटे लागत. प्रतिजैविकाचे औषध इतके थोडे द्यायचे होते की डॉक्टरांनी ते स्वतः पातळ करून दिले, आणि रोज सकाळचे वजन कळवल्याशिवाय पुढची मात्रा सांगितली नाही. पाजून झाल्यावर कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने पोटाखाली हळूहळू चोळावे लागे. या वयाची पिल्ले आईने चाटल्याशिवाय शी-शू करू शकत नाहीत हे मला कोणीतरी चाळीस वर्षांत एकदा तरी सांगायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी वजन एकवीस ग्रॅमवर आले. त्या रात्री दोन वाजता ते चोखेना, नुसते तोंड टेकवून पडून राहिले, आणि श्वास घेताना त्याचे सगळे अंग हलत होते. मी दूध बाजूला ठेवले, पिशवीतले पाणी बदलले आणि तासाभराने ओआरएसचे चार थेंब दिले. एवढे चारच थेंब द्यायला मला फार निग्रह करावा लागला, कारण उपाशी जिवाला भरवण्यात भरवणाऱ्याच्या मनाची जी सोय असते ती मला आदल्या दिवशीपर्यंत ओळखता आली नव्हती. पाच वाजता बाबा उठून आले. चिकू आणि पेरू पोखरणाऱ्या चान्यांना ते वर्षभर शिव्या घालतात. त्यांनी काही न बोलता काटा पुढे ओढला, पिल्लू वाटीत ठेवले आणि चष्मा कपाळावर सारून आकडा वाचला: एकवीसच. कमी झालेले नव्हते.

पाचव्या दिवशी टिकटिक थांबली, शी घट्ट आणि तपकिरी झाली. आठव्या दिवशी एक डोळा उघडला, दहाव्या दिवशी दुसरा, आणि मधले दोन दिवस ते एका डोळ्याने आमच्याकडे मोठ्या संशयाने पाहत असे.

मधल्या काळात वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवून ठेवले होते. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली चानी घरात पाळता येत नाही, आणि कायदा नसता तरी ते योग्य झाले नसते. वनरक्षक येऊन पाहून गेले, उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू राहू द्या आणि मग याच वाडीत सोडा असे ठरले. म्हणून आम्ही त्याला नाव दिले नाही. शेजारची मुले आली तर दुरूनच दाखवले आणि दात आल्यावर हातावर घेणे बंद केले.

दात आल्यावर प्रश्न आहाराचा होता. लोक हौसेने शेंगदाणे आणि बदाम देतात आणि त्यावरच वाढलेल्या खारींची हाडे कॅल्शियमअभावी ठिसूळ होतात, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यामुळे उंबरे, पेरूचा कोवळा पाला, जांभळे, आंब्याच्या झाडाची सालीसकट फांदी आणि कोवळे ऊन हाच मुख्य आहार झाला. बदाम कधीतरी, सणासारखा. जुलैअखेर त्याला पडवीतल्या मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात हलवले, आणि ऑगस्टमध्ये चार दिवसांची उघडीप मिळाली तेव्हा लाकडी खोके विहिरीकडच्या फणसावर बांधून त्याचे दार उघडे ठेवले. पहिल्या संध्याकाळी ते परत येऊन खोक्यात झोपले. सहाव्या दिवसापासून खोक्यात ठेवलेली उंबरे तशीच राहू लागली, म्हणून बाराव्या दिवशी मी ठेवणे थांबवले.

ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी माझा क्रमांक सावंतवाडीच्या एका शिक्षिकेला दिला. त्यांच्या शाळेच्या छपरातून चानीचे पिल्लू पडले होते. त्या घाबरलेल्या होत्या, पण ते छान पितेय असे म्हणाल्या. काय पाजलेत, असे मी विचारले. "गाईचे दूध, थोडी साखर घालून." मी त्यांना ड्रॉपर खाली ठेवायला आणि आधी पाणी तापत ठेवायला सांगितले.