भाचीचा निबंध

आमच्या लातुरात डॉक्टर व्हायचं म्हणजे नीट. १८० प्रश्न, ७२० गुण. डॉक्टर का व्हायचंय, हे कुणी विचारत नाही. अमेरिकेत वाढलेल्या माझ्या भाचीला मात्र नेमकं तेच लिहावं लागतं. तिथल्या एएमसीएएस अर्जात (मेडिकल कॉलेजांचा सामायिक प्रवेश अर्ज) त्यासाठी ५३०० अक्षरं मिळतात, मधल्या मोकळ्या जागाही त्यातच धरून.

गेल्या वर्षी तिला प्रवेश मिळाला नाही. मे महिन्यात आजोळी आली, तेव्हा म्हणाली, "मामा, जुना निबंध बघता का?"

बघितला. "सेवेची ओढ", "भारतातलं गरीब खेडं" वगैरे. (ते गरीब खेडं म्हणजे आमचं औशाजवळचं गाव. मला जरा झोंबलंच.) म्हणलं, "बाई, हे कुणीही लिहील. वर्षभर तू काय केलंस?"

मग तिकडच्या दवाखान्यातलं निघालं. अमेरिकेत आपल्या मुलाकडे आलेल्या एका मराठी आजींना मधुमेह. एकादशीचा उपास म्हणल्यावर तिथले डॉक्टर इन्सुलिन कमी करायला निघाले. हिनं सांगितलं, उपास म्हणजे उपाशी नव्हे; साबुदाणा, भगर, बटाटा, सगळं पोटात जातं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून आजींना पुन्हा सगळं विचारलं.

हे निबंधात कुठंच नव्हतं! खेडं काढलं, आजी आल्या. पुन्हा अर्ज करणाऱ्याचं मधल्या काळात काय बदललं, हे तिथं बघतात म्हणे. ते आता दिसतंय.

अर्ज गेला. आता कॉलेजं आपापले वेगळे प्रश्न पाठवतील, म्हणजे आणखी निबंध.