कार्डाची मागची बाजू आणि भारतीय पासपोर्ट

जर्मनीत नोकरीसाठी आलेल्या माणसाला थोड्याच दिवसांत सार्वजनिक आरोग्यविम्याचे कार्ड मिळते. पुढच्या बाजूवरचे आपले छायाचित्र पाहून आपण ते पाकिटात ठेवतो आणि मागची बाजू पाहायची राहून जाते. त्या बाजूवर युरोपीय आरोग्यविमा कार्ड, म्हणजे प्रवासात दुसऱ्या युरोपीय देशात उपचार लागले तर दाखवायचे कार्ड, छापलेले असते. युरोपात ते १ जून २००४ पासून वापरात आले आणि त्याने प्रवासापूर्वी भरायचा ई-१११ हा कागदी फॉर्म मागे टाकला. या कार्डाविषयी आमचा जो गैरसमज झाला होता, तो इथल्या अनेक मराठी कुटुंबांत मला आजही आढळतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी व्हिएन्नाला गेलो असताना आमच्या मुलीचा कान रात्रभर दुखत होता. सकाळी सार्वजनिक विम्याशी करार असलेल्या डॉक्टरांकडे गेलो, मुक्कामाच्या तारखा लिहिलेल्या एका कागदावर सही केली, कार्ड दाखवले आणि एक युरोही न देता औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर पडलो. ऑस्ट्रियात डॉक्टरांचा असा करार आहे की नाही हे आधी विचारावे लागते, कारण करार नसलेल्या डॉक्टरांकडे हे कार्ड चालत नाही. तेवढी एक गोष्ट सांभाळली की हे कार्ड कुठेही चालते, अशी आमची पक्की समजूत त्या दिवशी झाली.

दोन वर्षांनी ईस्टरच्या सुट्टीत स्वित्झर्लंडला गेलो आणि तिथे पायऱ्यांवरून घसरून माझ्या पत्नीचे मनगट मोडले. रुग्णालयात उपचार व्यवस्थित झाले, परंतु नोंदणीच्या खिडकीवर कार्ड पाहिल्यानंतर पासपोर्ट मागण्यात आला आणि तो भारतीय असल्याचे पाहून हे कार्ड आम्हाला लागू होत नाही, असे सौम्य शब्दांत सांगण्यात आले. घरी आलेले फ्रँकमधले बिल आमच्या महिन्याच्या घरभाड्याहून मोठे होते. आम्ही दोघेही नियमित हप्ते भरणारे, त्याच विमासंस्थेचे सभासद आणि कार्डही तेच. तरी व्हिएन्नात चाललेले कार्ड इथे का चालले नाही, हे मला कितीतरी दिवस उमगत नव्हते.

उत्तर कायद्यात आहे. सदस्य देशांच्या सामाजिक सुरक्षा व्यवस्था एकमेकींशी जोडणारा ८८३/२००४ हा नियम मुळात युरोपीय देशांच्या नागरिकांसाठी होता. युरोपीय संघात कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी नागरिकांना तो एका वेगळ्या नियमाने १ जानेवारी २०११ पासून लागू झाला, मात्र त्या दुसऱ्या नियमातून डेन्मार्क बाहेर राहिला. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन हे देश युरोपीय संघाचे सदस्य नाहीत. ते ज्या करारांनी या व्यवस्थेशी जोडलेले आहेत, त्या करारांत हा विस्तार आलेला नाही. परिणामी भारतीय पासपोर्टधारकाचे कार्ड फ्रान्स, स्पेन, इटली, ऑस्ट्रियात चालते, पण या पाच देशांत चालत नाही. पती किंवा पत्नी युरोपीय संघाची नागरिक असेल, तर कुटुंबीय म्हणून स्थिती वेगळी असू शकते, आणि ती आपल्या विमासंस्थेकडून लेखी विचारून घ्यावी. मला यात अन्याय वाटतो, आणि तो वाटतो हे मी स्पष्ट सांगतो: हप्ता पगारातून कापला जाताना पासपोर्टचा रंग कुणी विचारत नाही.

कार्ड जिथे चालते तिथेही ते त्या देशाच्या नागरिकाला मिळते तेवढेच देते. फ्रान्समध्ये डॉक्टरांचे पैसे बहुधा आधी स्वतः भरावे लागतात आणि नंतर परतफेड मिळवावी लागते, तीही पूर्ण नसते. खासगी दवाखाना, डोंगरातून हेलिकॉप्टरने केलेली सुटका आणि आजारी माणसाला मायदेशी परत आणण्याचा खर्च यांचा त्यात समावेश नाही. केवळ उपचारासाठी दुसऱ्या देशात जायचे असेल, तर एस-२ या फॉर्मने आधी परवानगी घ्यावी लागते. डायलिसिस चालू असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच तिथल्या केंद्राशी ठरवून घ्यावे. कार्ड घरी विसरले, तर विमासंस्था तात्पुरते प्रमाणपत्र पाठवते, हे मात्र फार उपयोगाचे आहे.

आणखी एक गोष्ट. मागच्या बाजूवर आपल्या माहितीऐवजी नुसत्या तारका छापल्या असतील, तर ते युरोपीय कार्ड म्हणून वैध नसते. पगार जास्त असल्यामुळे खासगी विमा निवडलेल्यांना हे कार्ड मुळातच मिळत नाही, आणि भाषेचा अभ्यासक्रम करण्यासाठी प्रवासी विम्यावर आलेल्या मुलामुलींनाही नाही.

भेटीला येणाऱ्या आईवडिलांचा आपल्या कार्डाशी काहीही संबंध येत नाही. शेंगेन व्हिसासाठी त्यांना किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी आरोग्यविमा घ्यावाच लागतो. त्या पॉलिसीत रक्तदाब, मधुमेह अशा जुन्या आजारांविषयी काय लिहिले आहे, ते भारतातून निघण्यापूर्वी ओळ न ओळ वाचावे, कारण त्या वयात गरज बहुधा तिथेच पडते.

आम्ही आता दरवर्षी परदेश प्रवासाचा वेगळा आरोग्यविमा घेतो. जर्मनीत तरुण माणसाला तो अगदी थोड्या युरोंत मिळतो. मात्र अशा बहुतेक पॉलिसी सलग काही आठवड्यांच्याच प्रवासाला लागू असतात, आणि काहींत मायदेशातील उपचार वगळलेले असतात. जर्मन सार्वजनिक विमा भारतातील उपचारांचे पैसे देत नाही, त्यामुळे पुण्याला महिनाभर जायचे असले तरी ते कलम आम्ही आधी पाहतो. या उन्हाळ्यात नॉर्वेला जाणार आहोत. तिकिटे काढण्याआधी पत्नीने विमासंस्थेला पत्र लिहून विचारले, आणि कार्ड तिथे चालणार नाही असे लेखी उत्तर आठवड्याभरात आले.