थकव्याचा जमाखर्च

२०१९ सालच्या पावसाळ्यात माझ्याकडे तपासण्यांच्या रिपोर्टांची एक जाड फाइल जमली होती आणि तिच्यातील जवळजवळ प्रत्येक कागद मी ठणठणीत असल्याची ग्वाही देत होता. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईएसआर, आरए फॅक्टर, मानेचा एमआरआय, सगळे काही मर्यादेत होते. ड जीवनसत्त्व थोडे कमी निघाले, पण आमच्या शाखेत ज्याने ज्याने तपासून घेतले त्याचे ते कमीच निघाले होते. इकडे सकाळी उठताना रात्रभर कोणीतरी बडवून काढल्यासारखे अंग ठणकत असे, आठ तास झोपूनही डोळ्यांची चुरचुर जात नसे आणि बँकेच्या काउंटरवर नोटांची बंडले उचलताना मनगटे भरून येत. एका डॉक्टरांनी टेन्शन कमी करा असे सांगितले, दुसऱ्यांनी वयाकडे बोट दाखवले आणि तिसऱ्यांनी, मला नव्हे तर माझ्या यजमानांना उद्देशून, ‘यांना जरा कशात तरी गुंतवून ठेवा’ असे सुचवले. मी तेव्हा बँकेत नऊ तास आणि घरात सहा तास गुंतलेलीच होते.

शेवटी एका संधिवाततज्ज्ञ डॉक्टरांनी ती फाइल बाजूला ठेवून माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले आणि कागदावर फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आजार, हा शब्द लिहून दिला. १९९० सालच्या जुन्या निकषांनुसार शरीरावरील १८ ठरावीक बिंदू दाबून पाहिले जात आणि त्यांपैकी किमान ११ ठिकाणी दुखले तरच निदान पक्के मानत. २०१० नंतर बिंदू मोजण्याऐवजी शरीराच्या १९ भागांपैकी किती भागांत दुखते, आणि थकवा, झोपेतून न मिळणारी विश्रांती व विसराळूपणा किती तीव्र आहे, हे पाहिले जाऊ लागले. शिवाय ही लक्षणे तीन महिने तरी टिकलेली असावी लागतात. रक्तात किंवा एमआरआयमध्ये हा आजार दिसत नाही. म्हणजे माझी फाइल खोटे बोलत नव्हती, तिला विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे ती देत होती.

दुखरा भाग धडधाकट असताना दुखते कसे, हे मला आमच्या शाखेतील एका जुन्या प्रसंगामुळे समजले. स्ट्राँगरूमला बसवलेला नवा अलार्म इतका संवेदनशील होता, की रात्री उंदीर फिरला तरी तो किंचाळत असे आणि रखवालदारापासून मॅनेजरांपर्यंत सगळ्यांची झोप मोडत असे. अलार्म खरोखरच वाजत होता, चोर तेवढा नव्हता. फायब्रोमायल्जियात मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेच्या संदेशांबाबत असेच वागतात, त्यामुळे साधा स्पर्श, बोचरी थंडी, गणेशोत्सवातील ढोलांचा दणदणाट, यांची नोंदही दुखणे म्हणून होते. दुखणे काल्पनिक नाही, एवढे कळले तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले होते.

दीड वर्षाने त्यात दीर्घकालीन थकव्याच्या विकाराची भर पडली आणि खरी पंचाईत सुरू झाली, कारण हे दोन आजार एकाच घरात नांदत असले तरी त्यांचे पथ्य एकमेकांशी जुळत नाही. फायब्रोमायल्जियासाठी युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली ज्या शिफारशी केल्या, त्यांत सर्वांत ठाम शिफारस व्यायामाची होती. उलट, दीर्घकालीन थकव्याच्या रुग्णांना ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये, असे ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले. या थकव्याचे मुख्य लक्षणच असे, की सोसवेल त्यापेक्षा अधिक श्रम केले की एक-दोन दिवसांनी सगळी लक्षणे उसळून येतात, आणि हे श्रम शरीराचेच असावे लागतात असे नाही. लांबलेली बैठक किंवा पाहुण्यांशी रंगलेल्या गप्पाही त्यात मोजल्या जातात.

मला हे पर्वतीने शिकवले. नागपूरहून भाची आली होती, मला बरे वाटत होते आणि हवा सुंदर होती, म्हणून मी तिच्याबरोबर १०३ पायऱ्या चढून गेले. वरून तिला सारे पुणे दाखवले, खाली येऊन भेळ खाल्ली. दुसऱ्या दिवशीही ठीक होते आणि आपण उगीच घाबरतो असे मी यजमानांना ऐकवलेसुद्धा. तिसऱ्या दिवशी सकाळी मला चहाचा कप उचलवेना, आणि पुढचे पाच दिवस मी न्हाणीघरापर्यंत भिंत धरून गेले. पूर्वी चेक क्लिअरिंगला गेला की खात्यातून रक्कम वजा व्हायला दोन-तीन दिवस लागत, आणि तेवढ्या काळात शिल्लक पाहून खूश झालेला खातेदार नवा चेक फाडून मोकळा होत असे. माझ्या शरीराचे क्लिअरिंग अजूनही त्या जुन्या पद्धतीने चालते, हे माझ्या लक्षात आले.

तेव्हापासून मी एक लांबट वही ठेवते. डावीकडे झोप आणि विश्रांती, उजवीकडे केलेली कामे, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशीची नव्हे तर दोन दिवसांनंतरची प्रकृती. दोन महिन्यांच्या नोंदींवरून असे दिसले, की उभ्याने केलेला स्वयंपाक मला चालण्यापेक्षा महाग पडतो, केस धुणे हे अर्ध्या तासाच्या फेरीइतके खर्चिक आहे, आणि फोनवरची भांडणे सर्वांत महाग. मग ओट्याजवळ उंच स्टूल आले आणि केस धुणे रविवारवर गेले. कोणतेही काम वीस मिनिटांचे, मग दहा मिनिटे आडवे होणे, हा नियम झाला. आडवे व्हायचे ते थकल्यावर नव्हे, त्याच्या आधी. हातातले काम संपल्याशिवाय बसायचे नाही, हे वळण ज्या घरात लहानपणी लागले, त्या घरातील मुलीला याइतके अवघड दुसरे काही नसेल. अर्धी चिरलेली भाजी तशीच ठेवून झोपायला जाताना पहिले काही महिने मला चोरी केल्यासारखे वाटत असे. पुण्याच्या एक ते चार या वेळेवर उभ्या महाराष्ट्राने विनोद केले आहेत. माझ्या डॉक्टरांनी मात्र तीच सवय, फक्त सलग तीन तासांऐवजी छोट्या तुकड्यांत, औषधासारखी लिहून दिली.

चालणे मी सोडलेले नाही, त्याचे माप तेवढे बदलले. सोसायटीच्या आवारात पाच मिनिटे, आणि दोन दिवसांनंतरची नोंद चांगली असेल तरच पुढच्या आठवड्यात सहा. एकदाही वाईट नोंद झाली, तर पुन्हा चार. आज, चार वर्षांनंतर, मी बारा मिनिटांवर आहे आणि ज्यांना हा आकडा हास्यास्पद वाटतो त्यांनी तो खुशाल तसा समजावा. योगासनांचेही तेच. बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीचा वारसा पुण्यातच असल्याचा मला मोठा फायदा झाला, कारण त्या पद्धतीत लोड, घड्या घातलेल्या चादरी, पट्टे आणि खुर्ची यांच्या आधाराने आसन करता येते. सुप्त बद्धकोणासनात पाठीखाली लोड आणि मांड्यांखाली उशा घेऊन मी दहा मिनिटे पडून राहते. बाहेरून पाहणाऱ्याला ही बाई झोपली आहे असे वाटेल, पण त्या दहा मिनिटांत जबड्यापासून पोटरीपर्यंत आपण काय काय आवळून धरले होते, ते एकेक सुटत जाते.

रात्री झोपण्यापूर्वी सासूबाईंची काशाची वाटी बाहेर निघते. तळपायांना तूप लावून ती वाटी हलक्या हाताने घासली, की झोप लवकर लागते आणि पायांची आग शमते, हा माझा अनुभव आहे. वाटी काळी पडते म्हणजे अंगातील उष्णता बाहेर आली, असे घरोघरी सांगतात. ते मात्र मला पटत नाही, कारण तो धातू, तूप आणि घर्षण यांचा परिणाम आहे. पण पायांवरून कोणाचा तरी मायेचा हात फिरतो आहे, एवढे कारण मला पुरते.

याच विश्वासाच्या भरात मी एक चूकही केली. एका ओळखीच्यांनी दिलेल्या काढ्याने चाळीस दिवसांत आजार मुळासकट जाईल असे आश्वासन मिळाले, आणि शरीर शुद्ध व्हायला हवे म्हणून दुखण्यासाठी चालू असलेली ड्युलॉक्सेटिनची गोळी मी डॉक्टरांना न विचारता एका दिवसात बंद केली. तिसऱ्या दिवसापासून चक्कर, मळमळ आणि डोक्यात विजेचे बारीक झटके बसल्यासारखे होऊ लागले. ही गोळी अचानक थांबवल्यावर होणारा हा त्रास वैद्यकाला चांगला ठाऊक आहे, मलाच तो विचारावासा वाटला नव्हता. काढ्यात काय काय आहे, हेही मी विचारले नव्हते. हल्ली ज्याला होलिस्टिक म्हणतात त्या समग्र उपचारात मी आता ती गोळीसुद्धा धरते. तूप, लोड, वही आणि गोळी या सगळ्यांना माझ्या दिवसात आपापली वेळ आहे.

नोकरीत मी काउंटर सोडून आतले काम मागून घेतले, आणि २०२३ मध्ये वनाजहून येणारी मेट्रो सिव्हिल कोर्टापर्यंत पोहोचल्यावर कर्वे रस्त्यावरच्या खड्ड्यांतून दुचाकी हाकणे बंद केले. वाचलेली ताकद वहीत स्पष्ट दिसते. विसराळूपणा मात्र आहे तसाच आहे. परवा मला झारा हा शब्द आठवेना आणि मी पाच मिनिटे हवेत हात फिरवत उभी राहिले.

या दिवाळीला बेसनाचे लाडू करायला मी तीन दिवस घेतले. पहिल्या दिवशी फक्त बेसन भाजायचे ठरवले होते. ‘आमच्या वेळी असली दुखणी नव्हती,’ असे सुरुवातीच्या वर्षी म्हणणाऱ्या सासूबाई ओट्याजवळ खुर्ची टाकून, मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावून बसल्या होत्या. गजर वाजला तेव्हा बेसनाला नुकताच खमंग वास सुटू लागला होता, आणि नेमक्या अशा वेळी गॅस बंद करणे फार जिवावर येते. मी म्हटले, ‘आई, दोनच मिनिटं.’

त्यांनी उलथने माझ्या हातातून काढून घेतले. ‘त्या दोन मिनिटांचं व्याज परवा कोण भरणार? जा, आडवी हो आधी,’ असे म्हणत त्यांनी बेसन हलवायला नातीला हाक मारली.