आमची वाटचाल: एका ओळीत मावणारं डिझाइन

आकड्यांच्या क्रमिकांपासून (म्हणजे ठरावीक नियमानं एकामागून एक येणाऱ्या आकड्यांपासून) चित्रं काढणारं एक टूल आम्ही बनवलं आणि आज सोलापुरातल्या आमच्या छोट्या फर्मचा सगळा व्यवहार त्यावर चालतो. या टूलला ना खिडकी, ना बटणं. कमांड लाइनवर, म्हणजे संगणकाला नुसत्या अक्षरांत हुकूम देतात तिथे, एक ओळ टाइप करायची: क्रमिका कोणती, रुंदी-उंची किती, रंग कोणते. एंटर दाबलं की चित्राची फाइल तयार.

पहिलं चित्र होतं ६१७४ चं. मी तेव्हा कॉलेजात गणित शिकवायचे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये मांडलेली ही संख्या मुलांची फार आवडती. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमानं लावायचे, चढत्या क्रमानं लावायचे, वजाबाकी करायची आणि उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत इथेच पोचता.

फळ्यावर अशी दोन-चार उदाहरणं होतात. ०००० ते ९९९९ अशा दहा हजार संख्या एकदम दाखवायच्या तर चित्रच हवं. म्हणून शंभर बाय शंभर चौकटी आखल्या: ओळ म्हणजे पहिले दोन अंक, रकाना म्हणजे शेवटचे दोन, आणि जितक्या पायऱ्या लागतील तसा रंग. ००००, ११११, २२२२ अशा दहा संख्या ६१७४ ला कधीच पोचत नाहीत, त्या काळ्या ठेवल्या. त्या मुख्य कर्णावर सारख्या अंतरानं जाऊन बसल्या. खुद्द ६१७४ सोडली तर अंकांची जागा बदलल्यानं पायऱ्या बदलत नाहीत, त्यामुळे सगळं चित्र कर्णाच्या दोन्ही बाजूंना जुळतं आणि त्यातला दहा बाय दहाचा प्रत्येक चौकोनही आपापल्या कर्णावर जुळतो. मुलं हे स्वतः शोधून काढतात. शाळांसाठी हे पोस्टर आम्ही अजूनही छापतो, आणि माझ्या मते आमच्याकडचं सर्वांत सुंदर चित्र तेच आहे.

टूल पायथॉन या संगणकभाषेत लिहिलं, कारण फिबोनाचीसारख्या क्रमिकेत (०, १ पासून सुरू करून पुढची प्रत्येक संख्या म्हणजे आधीच्या दोन संख्यांची बेरीज) संख्या कितीही मोठी झाली तरी पायथॉन अडत नाही. फाइलसाठी पीपीएम हा जुना, साधा प्रकार घेतला. त्याच्या अक्षरी रूपात पहिल्या ओळीत पी३, मग रुंदी आणि उंची, मग २५५, आणि पुढे प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. नोटपॅडमध्ये उघडा आणि वाचा. आकड्यांतून निघालेलं चित्र पुन्हा आकड्यांत वाचता येतं, हे मला विद्यार्थ्यांसाठी फार मोलाचं वाटतं.

कापडाचं काम सासरमुळे आलं. घरी चादरीचे जॅकार्ड माग, म्हणजे विणतानाच नक्षी काढणारे. जॅकार्डच्या कार्डात एका जागी भोक असतं किंवा नसतं, त्यावरून उभा धागा उचलला जातो किंवा खाली राहतो. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आल्यावर कार्डं गेली, पण फाइलमधला ठिपका तेच सांगतो. म्हणजे शून्य आणि एक. मला राहवेना. पास्कलच्या त्रिकोणात, म्हणजे आपल्या मेरुप्रस्तारात, कडेला १ आणि आतली प्रत्येक संख्या म्हणजे तिच्या डोक्यावरच्या दोन संख्यांची बेरीज. त्यातल्या विषम संख्या काळ्या आणि सम पांढऱ्या केल्या की त्रिकोणात त्रिकोण अशी देखणी नक्षी उमटते. तिचा प्रिंट मी कारखान्यातल्या जुन्या डिझायनरमामांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, पांढऱ्या भागावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वहिनी, दिसायला झकास हाय. पण फ्लोट बघा की. बाईची बांगडी अडकली की धागा ओढला."

फ्लोट म्हणजे धागा दुसऱ्या धाग्याखाली न जाता जितका लांब वरच राहतो तेवढी लांबी. मेरुप्रस्ताराची वरची ओळ शून्यावी धरली तर ३२व्या ओळीत दोन टोकांच्या एकांमध्ये सलग ३१ सम संख्या येतात. तेवढा धागा मोकळा लोंबणार. रूढ पद्धत अशी की डिझायनर प्रत्येक रंगात साटीन, ट्विल अशी वीण भरतो आणि फ्लोट आवरतो. मला मात्र क्रमिकाच वीण व्हायला हवी होती.

तिथे थू-मॉर्स क्रमिका कामाला आली. ०, १, २, ३ अशी प्रत्येक संख्या द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहायची, त्यात १ किती वेळा आला ते मोजायचं. सम वेळा आला तर ०, विषम वेळा आला तर १. सुरुवात अशी: ०११०१००११००१०११०. नॉर्वेच्या आक्सेल थू यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलं की या क्रमिकेत कोणताही तुकडा लागोपाठ तीनदा येत नाही. आमच्या भाषेत याचा अर्थ, सलग तीन ० येत नाहीत आणि सलग तीन १ सुद्धा येत नाहीत: फ्लोट दोनच्या पुढे जाऊच शकत नाही. प्रत्येक ठिपक्यासाठी क्रमिकेतला त्याच्या आडव्या जागेचा आणि उभ्या जागेचा अंक सारखा असेल तर ०, वेगळा असेल तर १ असं मांडलं की ताण्यात (उभ्या धाग्यांत) आणि बाण्यात (आडव्या धाग्यांत), दोन्हीकडे हा नियम पाळला जातो. रिपीट, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा नक्षीचा तुकडा, १६, ३२, ६४ धाग्यांचा घेतला तर सांध्यावरही. शिवाय प्रत्येक उभ्या धाग्याला सारखेच पेच पडतात, त्यामुळे एक धागा ताठ आणि शेजारचा ढिला असं होत नाही. मामांनी नमुना हातात घेतला, उलटा केला, नखानं धागा उचकून पाहिला आणि ग्राफची वही बाजूला ठेवून शेजारी खुर्ची ओढून बसले. आज टूलमध्ये फ्लोट तपासण्याची सोय आहे ती त्यांनीच मागून घेतलेली. दिलेल्या मर्यादेबाहेर धागा गेला तर नेमकी कोणती ओळ, कोणता रकाना ते छापून येतं, आणि फाइल मागावर जातच नाही.

ग्राहक हमखास म्हणतात, माउसनं चालेल असं काहीतरी करा. आम्ही ते केलं नाही आणि करणारही नाही. कारखानदार वर्षानं फोन करतो, तीच चादर पुन्हा हवी, फक्त मरून ऐवजी मोरपंखी. आमच्या रजिस्टरमध्ये त्याची ती एक ओळ लिहिलेली असते. रंगाचा शब्द बदलला की बाकी ठिपकान् ठिपका तोच. ओळ व्हॉट्सअॅपवर जाते, जॉबकार्डावर बसते, कारखान्याच्या ऑफिसातल्या जुन्या संगणकावरही चालते. एकाच डिझाइनचे निरनिराळे रिपीट हवे असतील तर रात्री लूप लावून, म्हणजे ओळ आपोआप पुन्हापुन्हा चालेल अशी सोय करून, घरी जाता येतं. डिझाइन कोणाच्या हाताच्या सवयीत अडकून राहत नाही. ज्याच्याकडे ती ओळ, त्याच्याकडे डिझाइन. म्हणून बिलासोबत ओळही आम्ही ग्राहकाला देतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात निम्मं बोलणं तेलुगूत चालतं, तिथेही ही ओळ जशीच्या तशी वापरात आहे.

सध्या टॉवेलच्या किनारीचं काम चालू आहे. फिबोनाची संख्यांना ५ ने भागून बाकी घेतली की ०, १, १, २, ३, ०, ३, ३, १, ४ अशी मालिका निघते आणि दर वीस संख्यांनी ती नेमकी परत येते. पाच रंग, वीस धाग्यांचा रिपीट.

काम द्यायचं असेल तर जॅकार्ड किती हुकांचं (हुक उभे धागे उचलतात), रीड-पिक (उभ्या-आडव्या धाग्यांची दाटी) काय आणि रिपीट किती इंचांचा हवा, एवढं कळवा. रीड-पिक नक्की हवंच, कारण ताणा-बाणा सारखा दाट नसेल तर चौकोन कापडावर आयत होतो आणि टूलला ते आधीच सांगावं लागतं. माहिती हाताशी नसेल तर चालू मालाचा तळहाताएवढा तुकडा पाठवा. पिक-ग्लासखाली (धागे मोजायच्या भिंगाखाली) धागे आम्ही मोजून घेऊ.